जुनी डिझेल व्हॅन विकताना धास्ती नको, कोऱ्या सह्या तर नकोतच

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेळगाव शहरापासून खानापूर, निपाणी, चिकोडीपर्यंत आणि पलीकडे चंदगड, गडहिंग्लजपर्यंत आपले दैनिक वाचले जाते, म्हणून या साऱ्या भागातील गाडीमालकांशी संबंधित असलेला एक विषय आपल्यामार्फत मांडत आहे. घरची चांगल्या निगेतली जुनी डिझेल प्रवासी व्हॅन विकायला काढली, की मालकाला दोन वाक्ये हमखास ऐकावी लागतात. ‘डिझेलला आता दहाच वर्षे’ हे पहिले, आणि ‘तुम्ही फॉर्मवर सह्या करा, बाकीचे आम्ही बघतो’ हे दुसरे. पहिले वाक्य आपल्या भागापुरते खोटे आहे आणि दुसरे धोक्याचे आहे. पहिल्याच्या धास्तीने माणूस दुसऱ्याला मान डोलावतो, म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच लिहितो.

दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई करणारा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरता दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तो उचलून धरला. बेळगाव जिल्ह्याला तो लागू नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि त्यानंतर गाडी तपासणीत उतरली तर ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. हे वाढवून घेणे महाग झाले आहे, हे मात्र खरे आहे. मोटारीसाठी ६०० रुपये असलेले नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांवरील गाड्यांसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. हा खर्च विक्रीच्या बोलणीत जरूर धरावा. परंतु पाच हजारांचे शुल्क पुढे करून लाखभर रुपये पाडून मागणे हा व्यवहार नाही, ही अडवणूक आहे.

आमच्या घरची व्हॅन सध्या आम्ही विकायला काढली आहे, म्हणून हे जवळून पाहायला मिळाले. सौंदत्तीच्या यल्लम्माचे दर्शन, जोतिबाची चैत्र यात्रा, आषाढीला पंढरपूर, नात्यातली लग्ने आणि गावातल्या आजाऱ्यांना रात्री-अपरात्री बेळगावच्या रुग्णालयात पोहोचवणे, ही सारी कामे या गाडीने केली आहेत आणि तिची निगा आम्ही घरच्या जनावरासारखी राखली आहे. एक व्यापारी आले, आरसीवरील म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरील नोंदणीचे वर्ष पाहिले आणि बॉनेट उघडायला न सांगताच त्यांनी आकडा सांगितला. ऑइल, फिल्टर, क्लचप्लेट, पंप-नोझलचे काम यांची तारीख आणि किलोमीटरसह लिहिलेली वही त्यांच्यासमोर ठेवली होती. त्यांनी ती हातातही घेतली नाही.

त्यानंतर गडहिंग्लजकडचे एक गृहस्थ आपल्या ओळखीच्या मेस्त्रींना घेऊन आले. मेस्त्रींनी आदल्या दिवशीच निरोप दिला होता, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. सकाळी त्यांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करून घेतली आणि मगच किल्ली फिरवायला सांगितले. पहिल्या धुराचा रंग पाहिला, कारण निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो आणि गाडी तापल्यावरही राहणारा काळा धूर नोझलकडे किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरकडे बोट दाखवतो. मग चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण सैल करून नुसते वर ठेवले. ते उडत नाही, जोराची वाफ येत नाही, म्हणजे बोअर-पिस्टन शाबूत आहेत, असे त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मुलाला समजावून सांगितले. शेवटी बॅटरी घेऊन ते गाडीखाली गेले. खानापूर तालुक्यातला पाऊस आणि गोव्याच्या फेऱ्या यांनी चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा आणि दरवाजाखालचा पत्रा किती खाल्ला आहे, हे त्यांनी टोकदार पेचकसाने टोचून पाहिले. एका बाजूच्या पायदानाला गंज होता. तो त्यांनी दाखवला, त्याचे पैसे वजा धरले, वही शेवटपर्यंत चाळली आणि मग किंमत सांगितली. ती व्यापाऱ्यांच्या आकड्याहून बरीच वर होती आणि मुख्य म्हणजे ती का आहे, हे आम्हा दोघांनाही कळत होते. गाडी पाहायची ती अशी.

म्हणून गाडीमालकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की कामाच्या नोंदी आणि बिले जपून ठेवा आणि गिऱ्हाइकाला थंड इंजिनावर गाडी पाहू द्या. मीटर मागे फिरवून किलोमीटर कमी दाखवण्याचा प्रकार सर्रास चालतो. तारखांसह ठेवलेली वही त्यावर सर्वांत चांगला उतारा आहे, कारण एवढ्या वर्षांचे खोटे कोणी बसून लिहीत नाही. ज्या गाडीचा धूर आटोक्यात येत नाही आणि चासी खाल्ली गेली आहे, ती दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्यावी. तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळण्याची तरतूद आहे. जुने डिझेल इंजिन नव्या इंजिनापेक्षा जास्त धूर सोडते, हेही मला मान्य आहे. पण वेळेवर काम केलेली गाडी आणि हेळसांड झालेली गाडी यांच्या धुरात डोळ्यांना दिसेल इतका फरक असतो आणि किमतीत तो फरक उतरला नाही, तर गाडीची निगा राखण्याची कोणाला गरज वाटणार?

आता कोऱ्या सह्यांविषयी. फॉर्म २९ म्हणजे गाडी विकल्याची सूचना आणि फॉर्म ३० म्हणजे नावावर करून देण्याचा अर्ज. हे दोन्ही सही करून, पण घेणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरी ठेवून एजंटाच्या हाती द्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत झाली आहे. त्या कागदांवर गाडी एका हातातून दुसऱ्या हाती जात राहते आणि आरसीवर नाव मात्र पहिल्याच मालकाचे राहते. एक गाडी अशीच अनेक हातांतून गेली आणि तिने अपघात केला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले, की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी कधीच विकली, पैसे मोजून घेतले, हे सांगून सुटका होत नाही. शंभराच्या स्टँप पेपरवर ‘आजपासून जबाबदारी घेणाऱ्याची’ असे लिहून घेणारे पुष्कळ आहेत, परंतु अपघातात जखमी झालेल्या माणसाचा दावा त्या कागदाने अडत नाही.

सीमाभागात हा धोका दुप्पट होतो. केए २२ किंवा केए २३ क्रमांकाची गाडी कोगनोळीच्या नाक्यावरून किंवा शिनोळीमार्गे पलीकडे गेली, की ती कोल्हापूर, सांगली किंवा कोकणात कोणाच्या दारात उभी आहे, याचा पत्ता लागत नाही. तिकडच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चलनाचा संदेश इकडे येतो आणि फास्टॅग बंद केलेला नसेल, तर टोलही इकडच्याच खात्यातून कापला जातो. घेणारा महाराष्ट्रातला असेल, तर त्याला तिकडे नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि गाडीच्या वयाप्रमाणे कर भरावा लागतो. हा खर्च टाळण्यासाठीच ‘आहे त्या नंबरावर फिरवू’ असे म्हणणारे गिऱ्हाईक भेटते; त्याला नम्रपणे नकार द्यावा. परराज्यात गाडी देताना आपल्या आरटीओकडून ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यासाठी गाडीवर चोरीची नोंद नसल्याचा पोलीस अहवाल मागवला जातो. याला वेळ लागतो, म्हणून गिऱ्हाईक पाहण्याआधीच तयारीला लागावे. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचे, असा नियम आहे.

पुष्कळ जुन्या गाड्यांच्या आरसीवर पतसंस्थेचा किंवा बँकेचा बोजा तसाच राहिलेला असतो. कर्ज फिटून वर्षे लोटलेली असतात, पण बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि संस्थेचे पत्र आरटीओत कोणी दिलेलेच नसते आणि विक्रीच्या वेळी पाहावे, तर ती संस्था दुसरीत विलीन झालेली असते. आरसीला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू आहे का, उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, हेही आधीच पाहून घ्यावे. विम्याचा नो-क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर जात नाही, तो मालकाचा असतो; त्याचे पत्र कंपनीकडून मागून घेतले, तर नव्या गाडीच्या विम्यात तो वळता होतो.

व्हॅनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. पांढऱ्या पाटीची म्हणजे खासगी गाडी वडापाला, म्हणजे माणशी भाडे घेऊन प्रवासी नेण्याला, लावण्यासाठी घेणारे गिऱ्हाईक येते. खासगी नोंदणीच्या गाडीतून भाडे घेऊन प्रवासी नेताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. तोपर्यंत नाव बदललेले नसेल, तर प्रकरण पुन्हा जुन्याच मालकाच्या दारात येते. पिवळ्या पाटीच्या मॅक्सी कॅबचे परमिटही गाडीबरोबर आपोआप जात नाही, त्यासाठी परिवहन प्राधिकरणाची वेगळी परवानगी लागते.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना अधिकृत करण्याचे नियम केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये केले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची नोंद सरकारच्या ‘वाहन’ या संकेतस्थळावर केली, की पुढच्या विक्रीपर्यंतची जबाबदारी त्या व्यापाऱ्यावर येते. कोऱ्या सह्यांच्या रीतीवर हा सरळ उपाय आहे, पण आपल्या भागातल्या गाडीमालकांना त्याची माहितीच नाही. बेळगाव आणि चिकोडी येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयांनी अशा अधिकृत व्यापाऱ्यांची यादी आणि नाव बदलण्याची पूर्ण पद्धत दर्शनी फलकावर कन्नडबरोबर मराठीतही लावावी आणि वर्षानुवर्षे नाव न बदललेल्या गाड्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे घ्यावीत, अशी विनंती मी या पत्राद्वारे करत आहे. आपणही आपल्या दैनिकातून या मागणीचा पाठपुरावा करावा आणि जुन्या गाड्यांच्या जाहिराती जिथे छापल्या जातात, त्या पानावर ‘कोऱ्या फॉर्मवर सही करू नका’ एवढी एक ओळ दररोज द्यावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)