रागमालेचे चित्र पाहताना राग कानावर पडू द्या

महोदय,

वस्तुसंग्रहालयांत रागमालेच्या, म्हणजे रागांना स्त्री-पुरुषांच्या रूपात दाखवणाऱ्या, लघुचित्रांखाली ‘रागिणी तोडी’ एवढीच पट्टी असते आणि पाहणारा क्षणात पुढे सरकतो. सहा राग, प्रत्येकाच्या पाच रागिण्या, असा ३६ चित्रांचा संच बहुधा असे. मेवाडात चावंड येथे १६०५ साली नसीरुद्दीनने रंगवलेली रागमाला प्रसिद्ध आहे. दख्खनच्या दरबारांतही अशी चित्रे होत. ती पाहताना तो राग ऐकायला मिळायला हवा. दालनभर मंद बासरी लावून ठेवल्याने मात्र एकही चित्र उलगडत नाही.

आधी मिनिटभर चित्र निमूट पाहू द्यावे. मग तानपुरा आणि तीन-चार मिनिटे केवळ आलाप, म्हणजे तालाशिवाय रागाचा संथ स्वरविस्तार. बंदिश, म्हणजे तालात बांधलेली शब्दरचना, टाळावी, कारण शब्द ऐकू आले की लोक त्यांचाच अर्थ चित्रात शोधतात. तबला सुरू झाला की लक्ष समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे जाते. आलाप संपल्यावर पुन्हा मिनिटभर शांतता ठेवून चित्र पाहावे. कागदावरच्या चित्रांसाठी प्रकाश साधारण ५० लक्सवर ठेवतात, त्यामुळे बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना सुरुवातीला बारकावे दिसतच नाहीत. आलापाच्या वेळात नजर सरावते.

सुरुवात ललित रागाच्या चित्रापासून करावी. पहाट झाली आहे, नायिका शय्येवर झोपलेली आहे आणि नायक हातात हार घेऊन निघाला आहे; अनेक चित्रांत तो मागे वळून पाहतो. ललितमध्ये पंचम (प) वर्ज्य आणि दोन्ही मध्यम (शुद्ध आणि तीव्र म) लागोपाठ. ती घालमेल कानात बसली की पुढे पडलेले पाऊल आणि मागे वळलेली मान एकत्र दिसू लागतात.

तोडीत फसगत होते. वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्याभोवती हरणे हे चित्र रूढ झाले, त्या काळच्या तोडीचे स्वर आजच्या भैरवी थाटासारखे, म्हणजे शुद्ध मध्यम आणि कोमल निषाद असलेले होते. आजच्या तोडीत तीव्र मध्यम आणि शुद्ध निषाद आहेत. हल्लीचे ध्वनिमुद्रण बिनदिक्कत लावले तर भलतीच सांगड बसते. कर्नाटक संगीतातील हनुमतोडीत ते जुने स्वर अजून आहेत. तिचा आलाप ऐकवावा आणि हा फरक पट्टीवर दोन ओळींत लिहावा.

शेजारच्या दोन चित्रांना एकाच वेळी स्पीकर लावू नयेत. षड्ज (आधाराचा सा) वेगळे असले की दोन्ही राग बेसूर वाटतात. प्रत्येक पट्टीवर क्यूआर कोड द्यावा आणि दाराशी हेडफोन ठेवावेत, खर्चही बेताचा.

एक विनंती आणखी. संग्रहालये उघडतात तेव्हा ललितची वेळ टळून गेलेली असते. वर्षातून एकदा तरी रागमालेचे दालन सूर्योदयापूर्वी उघडावे आणि गायकाला चित्रासमोर बसवावे. वातानुकूलनात तानपुऱ्याचे सूर ढळतात, म्हणून वाद्य अर्धा तास आधी दालनात आणून ठेवावे.

– एक वाचक, पुणे