छंद शेवटच्या ओळीत का?

महोदय,

गणिताच्या प्राध्यापकांची ओळख छापताना आधी पदव्या येतात, मग शोधनिबंध, मग पदे, आणि जागा उरलीच तर 'गिर्यारोहणाचीही आवड' एवढे वाक्य. जॉन गिल यांच्याबाबत हे अन्यायाचे ठरते. १९३७ साली जन्मलेले हे अमेरिकी गणिती कोलोरॅडोतील प्युब्लो येथील विद्यापीठात शिकवत. परंपरित अपूर्णांक, म्हणजे छेदात पुन्हा अपूर्णांक असे अखंड उतरत जाणारे, कोणत्या अटींवर एका संख्येशी स्थिरावतात, हा त्यांचा संशोधनविषय. मात्र बुटक्या कातळावर दोराविना चढण्याला, म्हणजे बोल्डरिंगला, स्वतंत्र खेळाचा दर्जा मिळवून देण्यातही त्यांचा वाटा सर्वांत मोठा. १९६१ साली त्यांनी साउथ डकोटातील 'थिंबल' हा सुमारे ३० फुटी सुळका दोराविना सर केला. खाली वाहनतळाचा कठडा होता. पडले असते तर त्यावरच.

गणिती मन खरे दिसते ते त्यांनी १९५८च्या सुमारास आखलेल्या, चढाई किती अवघड हे सांगणाऱ्या श्रेणींत. बी-१ म्हणजे त्या काळच्या दोर लावून केलेल्या सर्वांत अवघड चढाईइतके कठीण. बी-२ त्याहून कठीण. बी-३ मात्र फक्त एकदाच झालेली, इतरांनी प्रयत्न करूनही न साधलेली चढाई. दुसऱ्या कुणाला ती जमली की श्रेणी आपोआप खाली! व्याख्या देखणी, पण व्यवहारात अडचणीची. कातळ तोच, खाच तीच, तरी श्रेणी बदलते. शिवाय दोरावरचा दर्जा जसा उंचावतो तसा बी-१चा उंबरठाही वर सरकतो आणि त्याखालच्या शेकडो चढायांना वेगळी ओळखच उरत नाही. म्हणूनच पुढे अमेरिकी प्रस्तरारोहक जॉन शर्मन यांची, वर कुठेही न थांबणारी व्ही-श्रेणी रुजली. ती व्ही-१७ पर्यंत तरी पोहोचली आहे. तरी आकड्यांची चढाओढ टाळण्याचा गिल यांचा हेतू मला अजूनही पटतो.

एक दुरुस्ती. जिम्नॅस्टिक्समधून त्यांनी कातळावर आणलेल्या 'चॉक'चे भाषांतर 'खडू' असे होते, ते चूक. फळ्याचा खडू जिप्समचा किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा. कातळावर लागते मॅग्नेशियम कार्बोनेटची कोरडी पूड. ती घाम शोषते. बोटांच्या पेरांवर पातळ चोळून जास्तीची फुंकून टाकावी, कारण जाड थर कातडी आणि दगड यांच्यामध्ये सुटी भुकटी होऊन उलट घसरवतो. उतरल्यावर पकडी, म्हणजे हाताने धरायच्या खाचा-कडा, मऊ ब्रशने झाडाव्यात. तारेचा ब्रश वालुकाश्म झिजवतो.

गणित येणारा कातळावर सुरक्षित असतो, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. तर्कशास्त्रज्ञ झाक एर्ब्रां १९३१ साली आल्प्समध्ये चढाई करताना वयाच्या २३व्या वर्षी गेले. गणिती रेमंड पॅली १९३३ साली कॅनडात स्कीइंग करताना हिमस्खलनात सापडले, तेव्हा ते २६ वर्षांचे होते.

पुढच्या वेळी अशी ओळख छापताना निदान एवढे तरी विचारावे: चढाई दोर लावून की दोराविना, श्रेणी कोणती, आणि पहिली कुणाची?

आपला,
एक प्रस्तरारोहक वाचक