अठरा माग दिले, घर तसंच आहे

ती. बाबा आणि ती. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र दादाकडून वाचून घेऊ नका, चष्मा लावून स्वतः वाचा. फोनवर सांगितलं की तुम्ही निम्मं ऐकता, निम्मं अंदाजानं भरता आणि मग रात्रभर आढ्याकडं बघत पडता, असं आई सांगत होती. म्हणून लिहितेय. मुद्द्याचं आधीच सांगते, शेवटी ठेवलं तरी आई शेवटापासूनच वाचायला घेईल.

अठरा माग विकले. सहा ठेवलेत. मोकळ्या झालेल्या जागेत चार रेपियर, म्हणजे बिनधोट्याचे नवे माग, येतायत. फरशी फोडून पाया भरला, ॲडव्हान्स गेला, पुढच्या आठवड्यात गाडी येईल. म्हणजे विचारत नाहीये, कळवतेय. सहीचे अधिकार तुम्हीच दिलेत आणि दवाखान्यातून निघताना "आता तूच बघ" असंही तुम्हीच म्हणालात. ते औषधाच्या गुंगीत म्हणालात असं आता म्हणू नका.

घर गहाण नाही. आईचं सोनं लॉकरमध्ये आहे तसं आहे, पाटल्यांसकट. कर्ज यंत्रांवर आहे आणि बँकेनं वरून तारण मागितलं तिथं शहापूरचा गाळा दाखवलाय. जयसिंगपूरच्या त्या कागदाला हात लावलेला नाही, लावणारही नाही. आत्याच्या वेळचं मलाही आठवतं.

तुम्ही म्हणाल, माग चालत होते की. चालतच होते. जुना माग वहीत कधी तोट्यात दिसत नाही, बाबा. हप्ते फिटलेले, जागा आपली, मोडला तर जॉबरकाका वेल्डिंग मारून सुरू करून देतात. नवं यंत्र त्याच्यापुढं कागदावर दर वेळी हरतं. पण जे कापड आपल्याकडं मागायला कुणी आलंच नाही, त्याला वहीत रकाना नसतो. आपल्या व्यापाऱ्याला ६३ इंची पन्हा पाहिजे, आपले माग ५२ चे. तो तोंडावर काही बोलला नाही, जुना माणूस आहे. नुसती ताण्याच्या सुताची बिमं कमी पाठवायला लागला. पूर्वी एक उतरायच्या आत दुसरं दारात असायचं. यंदा श्रावणात निम्मे माग झाकून ठेवले होते. तुम्ही तेव्हा आयसीयूत होता, म्हणून बोलले नाही. शिवाय आलेल्या मालात डबल पीक, म्हणजे एका जागी दोन आडवे धागे, नाहीतर तेलाचा डाग निघाला की पिकामागं पैसे कापायचे. दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणणाऱ्या खर्चीवाल्याचं काय चालतं त्यापुढं?

मशीन बघून भुलले असंही समजू नका. दाखवायला लावलेलं यंत्र छानच पळतं, कारण दाखवणारा त्यावर चांगलं सूत चढवतो. म्हणून मी आपलंच सूत, आपल्याच सायझिंगवाल्यानं खळ लावलेलं बीम, ओळखीच्या एका कारखान्यात रेपियरवर चढवायला लावलं आणि दिवसभर तिथं स्टूल टाकून बसले. सकाळभर ताणा इतका तुटत होता की माग चालण्यापेक्षा उभाच जास्त. तिथला फिटर म्हणाला, वेग उतरवू या. मी म्हटलं, उतरवायचा असेल तर घेऊ कशाला? तार हातात घेऊन चिमटीत ओढून बघितली, तुम्ही बघता तशी. बोटाला पांढरी पूड लागली. खळ नुसती वरवर बसलेली. सायझिंगवाल्याशी भांडून दुसऱ्या बिमाला खळ बदलून घेतली आणि ते बीम मात्र संध्याकाळपर्यंत चार-दोनदाच थांबलं. ते बघून घरी आले आणि मगच बँकेत गेले.

आई, तुला सांगते कसं असतं ते. धोटा नाही आणि त्यातली सुताची कांडीही नाही. सुताच्या कोनावरून धागा थेट येतो, एक पट्टी त्याला निम्म्यापर्यंत आणते, पलीकडून दुसरी येते, त्याचं टोक धरते आणि घेऊन जाते. आपला माग मिनिटाला सव्वाशेच्या आत-बाहेर पिकं मारतो, हा चारशेला जातो. धागा तुटला की स्वतःच थांबतो आणि दिवा लावतो. चार मागांचं कापड आपल्या जुन्या अठरांपेक्षा लांबीनं कमी पडेल, पण ते रुंद असेल. खोटही सांगते, नाहीतर बाबा शोधून काढतील. धोट्याच्या मागाला काठ पक्का असतो, धागा वळून परत येतो. इथं दर पिकाला धागा कापला जातो, दोन्हीकडं दशा राहतात आणि त्या कातरून टाकाव्या लागतात. तेवढं सूत वाया. हिशेबात धरलंय.

हवेच्या झोतावर धागा नेणारे एअरजेट माग का नाही घेतले, हेही विचाराल. त्याला कॉम्प्रेसर लागतो, शेडमध्ये ओल राखावी लागते, सूत पहिल्या प्रतीचं लागतं आणि बिल बघून घाम फुटतो. आपल्या गल्लीतल्या त्यांचं काय झालं ते तुम्ही जवळून बघितलंय, मी नाव लिहीत नाही. यंत्रात खोट नव्हती. मंदी आली, माग थांबले, हप्ता थांबला नाही.

आणि सहाच का ठेवले? दहा का नाही? २७ एचपीच्या वीजभाराच्या मर्यादेमुळं. त्याच्या आत राहिलं तर विजेची सवलत जास्त, ओलांडलं की कमी. चार रेपियरचे पाच-पाच धरून वीस, जुन्या सहांचे सहा, कांडी मशीनचा अर्धा. साडेसव्वीस. तुमचीच मुलगी आहे.

१९९९ साली टफची, म्हणजे नव्या यंत्रांसाठी सरकारी मदतीची, योजना आली तेव्हा तुम्ही फॉर्म आणून कपाटात ठेवला होता, मला माहितेय. दादाची फी होती, आईचं ऑपरेशन होतं. तेव्हा थांबलात ते बरोबरच केलंत, मी त्यावर कधी बोट ठेवलेलं नाही आणि आजही ठेवत नाही. नंतर मात्र आपण पुढच्या योजनेची वाट बघत राहिलो, दर वेळी "अजून चांगली येईल" म्हणत. त्या मालिकेतली सुधारित योजनाही ३१ मार्च २०२२ ला संपली. आता वाट बघायची तर कशाची, ते मला कळेना.

इचलकरंजी म्हणजे महाराष्ट्राचं मँचेस्टर, हे तुम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगता. १९०४ चा पहिला यंत्रमाग, विठ्ठलराव दातार, बाबासाहेब घोरपड्यांचं पाठबळ, सगळं चहा निवायच्या आत. खऱ्या मँचेस्टरचं पुढं काय झालं ते मी या दिवसांत वाचलं. अमेरिकेत १८९५ च्या सुमारास नॉर्थ्रॉप माग आला, कांडी संपली की स्वतःच दुसरी घालणारा. मँचेस्टर ज्यात येतं त्या लँकेशायरच्या मालकांनी तो बघितला, हिशेब मांडला आणि नको म्हणाले. हिशेब खोटा नव्हता. जुने माग फिटलेले, विणकर हाताचे तयार. सूत एकाचं, विणाई दुसऱ्याची, विक्री तिसऱ्याची, त्यामुळं एकट्यानं बदलून भागत नव्हतं. अगदी आपल्यासारखं. १९२९ मध्ये तिथल्याच प्लॅट ब्रदर्सनं, ज्यांची यंत्रं जगभर जायची, जपानच्या टोयोडांकडून स्वयंचलित मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. आणि १९५९ साली सरकारला कायदा करून जुने माग मोडण्यासाठी पैसे द्यावे लागले. आपल्याला मोडायचे पैसे द्यायला कुणी येणार नाही, बाबा. इथं किलोवर जातात.

आपले बहुतेक किलोवर गेले नाहीत, ते सांगते. चौदा माग विट्याच्या एका कारखानदारानं चालवायला नेले. माणूस बरा वाटला, प्रत्येक माग हातानं फिरवून बघत होता. चार मात्र भंगारात गेले, ते झाकून ठेवत नाही. त्यांचं ओतीव बीड तडकलेलं होतं, जॉबरकाकांनीच सांगितलं. तीन नंबरचा माग आपल्याकडंच आहे. मी मोठेपणा घेणार होते की तुमच्यासाठी ठेवला, पण खरं तर त्याच्या फ्रेमला इतके टाके आहेत की विट्यावाल्यानं नाक मुरडलं.

आता ज्यानं तुम्हाला झोप लागणार नाही ते. माणसं. जॉबरकाका आहेत. त्यांना इलेक्ट्रॉनिक कार्डातलं कळत नाही म्हणून ते दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते. कंपनीचा फिटर येईल तेव्हा तेच त्याच्याबरोबर उभे राहणार, मी दुसऱ्या कुणाला शिकवू देणार नाही. कांडीवाल्या मावशींना सहा मागांचं काम आहे, अर्धा दिवस. उरलेला अर्धा दिवस त्या घडीवर बसतील, पगार तोच. रात्रपाळीतली दोघं मात्र गेली. हिशेब चुकता केला, वरून दोन महिन्यांचे दिले, एकाला समोरच्या कारखान्यात लावून दिलं. दुसरा गावाकडं गेला, गुलबर्ग्याला. जाताना तुमची तब्येत विचारून गेला. मला ते फार लागलं. तुम्ही असता तर आणखी थोडे दिवस ओढलं असतं, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच तुम्ही तिकडं असताना केलं, हेही तुम्हाला कळेलच.

बाबा, रागावलात तरी चालेल, फक्त बोलत राहा. मी लहान असताना तुम्ही माझ्या कानात कापसाचे बोळे घालून मला शेडमध्ये न्यायचात आणि स्वतःच्या कानात मात्र कधी घातले नाहीत. "मला ऐकायला लागतं" म्हणायचात. चोवीस माग धाडधाड करत असताना तुम्ही चालता चालता थांबायचात आणि म्हणायचात, अकरा नंबरचा धोटा आपटतोय. आणि तो आपटत असायचा. रात्री आई माझ्या केसांतला तूस वेचत बसायची आणि मी तिच्या मांडीवर झोपून जायचे. आई, आजही डोक्यावरून कुणी हात फिरवला की मला खळीचा वास येतो.

घरातलं सगळं ठीक. नवे माग पुढच्या शेडमध्ये बसवतेय, तुमच्या खोलीच्या भिंतीला आता फक्त जुने सहा आहेत. रात्री अगदी शांत झालं तर आईला झोप येत नाही, म्हणून तेवढी धडधड राहू दिलीय. पाण्याचं नेहमीचंच आहे, पण गच्चीवर दुसरी टाकी बसवली, मोटर लावली. आईनं यापुढं एकही बादली उचलायची नाही. तुळशीला रोज पाणी घालतेय. बाबांची खुर्ची पुसून ऑफिसात ठेवलीय, शेडमध्ये नाही. मुद्दाम.

आता नीट ऐका. दिवाळीच्या आधी इकडं यायचा विचारही नको. डॉक्टरांनी तीन महिने तूस आणि धूळ नको म्हटलंय, आणि तीन महिने म्हणजे तीन महिने. रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, बरं वाटलं तरी नाही. लोणचं आणि पापड दादाच्या घरी कुठल्या डब्यात असतात ते मला वहिनीनं सांगितलंय, त्यामुळं लपवालपवी नको. कानाचं यंत्र पेटीत ठेवायला घेतलेलं नाही. जॉबरकाकांना रात्री अकराला फोन करून "खरं सांग" म्हणणं बंद करा, ते दुसऱ्या दिवशी मला सगळं सांगतात. आई, गुडघ्याचे व्यायाम कर, आणि दादाकडं स्वयंपाकाला बाई आहे तर तिच्या मागं उभं राहून भाकरी कशी थापायची ते शिकवू नकोस. ती सोडून जाईल.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा मी करीन. नवे नुकतेच बसलेले असतील. हळदी-कुंकू कुठं लावायचं ते व्हिडिओ कॉलवर बाबांनी सांगायचं, मला त्या कार्डाच्या पेटीवर लावायची भीती वाटते.

तुमची,
धाकटी

ता. क. दादाबरोबर विम्याचे कागद पाठवलेत. पेन्सिलीनं फुली मारलीय तिथंच सही करायची, शिक्का पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहे. आणि व्यापाऱ्याचा फोन आला तर दराचं काहीही बोलू नका, माझ्याकडं द्या म्हणावं.