शेतावरच्या काकाले, थिसिसमध्ये मावलं नाही ते

काका, नमस्कार.

तुम्ही फेसबुकवर नाही हे मले माहीत आहे, पण तुमच्या पोराच्या मोबाईलवर हे येईल, त्याले वाचून दाखवाले सांगा. थिसिसच्या आभाराच्या पानावर गाईड, विभागप्रमुख, डीन असा मानाचा क्रम ठरलेला असते अन शेवटी "प्रक्षेत्रावरील सर्व कर्मचारी" एवढ्या एका ओळीत तुम्ही. सरांचे उपकार आहेतच, त्यात वाद नाही, पण पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, उभं राहून मले अर्धं कीटकशास्त्र कोणी शिकवलं ते कुठंतरी लिहिलं पाहिजे ना.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आली तेव्हा गुलाबी बोंडअळी म्हटलं की मले 2017 चा आमच्या घरचा कापूस आठवे, वरून हिरवंगार बोंड अन आत किडकी सरकी. 2006 साली बोलगार्ड-2, म्हणजे बोंडअळीले मारणारं बीटी कापसाचं बियाणं, आलं तेव्हा अळीचा विषय संपला असं लोक समजून बसले होते, अन अळीनं तेही पचवलं. हे पुस्तकात होतंच. पण बारीक अळी बोंडात शिरली की छिद्र बुजून जाते, मग बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही, हे तुम्ही बोंड हातात देऊन दाखवलं, "वरून पाहून काय समजते पोरी, फोडून पाय." मग शेतभर फिरून वीस हिरवी बोंडं तोडायची, एकाच ओळीतली नाही, अन चिरून मोजायची, वीसात दोन बोंडांत जिवंत अळी म्हणजे दहा टक्के, आता फवारणीचा विचार करा. डोमकळी, म्हणजे अळीमुळं न उमललेलं गुलाबासारखं मिटलेलं फूल, तर तुमाले चालता चालता दिसे, मी मात्र प्रत्येक झाडापाशी वाकून राहिली.

अन कामगंध सापळे, मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे! त्या वासाचं ल्युर लावायच्या आधी तुम्ही तंबाखूच्या खर्र्याचा हात साबणानं घासून धूत, "नराले मादीचा वास पायजे, माह्या खर्र्याचा नाही" असं म्हणत, अन आम्ही पोट्टे हसत. (खर्रा सोडा म्हटलं तर मात्र तुमाले ऐकू येत नाही, ते जाऊ द्या.) सकाळी दवात पाय भिजवत पतंग मोजायचे, सलग तीन रात्री सापळ्यामागं आठ-आठ निघाले की धोका, हा हिशोब माह्या वहीच्या आधी तुमच्या तोंडी असे. कोणता प्लॉट कोणत्या ट्रीटमेंटचा हे पाटी न पाहता सांगणारा माणूस अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये तुम्हीच.

फवारणीच्या दिवशी मात्र तुम्ही खवळत. मास्क, हातमोजे, अन वाऱ्याच्या तोंडावर फवारा मारायचा नाही. 2017 मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतमजूर गेले, ते तुमच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं, म्हणून तुमच्या शिव्यांचा राग कधी आला नाही.

पण खरे आभार शिवारफेरीचे, विद्यापीठ शेतकऱ्यांले आपली शेतं दाखवते त्या दिवसाचे. बाबा आले होते, माही ट्रायल पाहाले कमी अन पोरगी बरी दिसते का ते पाहाले जास्त. मी त्यांले दोन वर्षांपासून फोनवर फरदड (वेचणी झाल्यावरही पऱ्हाटी ठेवून घेतलेलं जास्तीचं पीक) नका घेऊ, नका घेऊ म्हणत होती, ते हो हो म्हणत अन फेब्रुवारीपर्यंत पऱ्हाटी उभीच. तुम्ही त्यांच्यासमोर एक बोंड फोडलं, जोडलेल्या दोन सरक्यांच्या मधात झोपलेली अळी दाखवली अन म्हटलं, "दादा, हे पुढच्या सालचं बियाणं तुम्हीच राखून ठेवून राहिले." झालं. त्या साली डिसेंबरात वेचणी संपवली, वावरात मेंढ्या बसवल्या, राहिलेली बोंडं त्यांनी खाल्ली, अन पऱ्हाट्या उपटून टाकल्या. माह्या एमेस्सीनं जे झालं नाही ते तुमच्या एका बोंडानं झालं, मले थोडा रागच आला होता, खोटं कायले बोलू.

आता बाबा मागं लागले आहेत की काकाले घेऊन ये. एखाद्या रविवारी सकाळच्या एसटीनं या, काकूले बी आणा, रोडगे अन वांग्याची भाजी करतो. वावरात फेरी मारणारच तुम्ही, ते काही मी थांबवू शकत नाही.

तुमचीच,
बोंडं चिरणारी पोट्टी