पंधरा ते पन्नास वर्षांमधल्या गाड्यांनी जायचे कुठे?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, याचा अभ्यास करायला राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. हवेच्या प्रदूषणावर उच्च न्यायालयात सुनावणी चालू होती, त्यातून ही समिती आली. ठाणे या प्रदेशातच येते. माझी नात रोज घोडबंदर रोडने शाळेत जाते, घरी येते तेव्हा तिच्या पांढऱ्या सदऱ्याची कॉलर काळी झालेली असते. त्यामुळे या प्रयत्नाला माझा विरोध नाही. मला लिहायचे आहे ते एका फार छोट्या गटाबद्दल. हौसेने जपलेल्या, वर्षातून मोजक्या वेळा बाहेर पडणाऱ्या जुन्या गाड्यांबद्दल.

माझ्याकडे २००० सालची सॅन स्टॉर्म आहे. दोन दारांची, दोनच माणसांची ही स्पोर्ट्स कार आपल्या शेजारी, गोव्यात तयार झाली. माझ्या गाडीला कडक छत आहे, म्हणून लांबून ती कूपेच, म्हणजे पक्क्या छताची दोन दारी गाडीच वाटते. आमच्या सोसायटीतली मुले तिला 'बुटकी' म्हणतात. भारतात बनलेल्या स्पोर्ट्स कार किती, हे बोटांवर मोजता येईल, आणि त्यातली ही एक आहे. २०१२ मध्ये डोंबिवलीच्या एका गृहस्थांकडून मी ती घेतली तेव्हा दोन पावसाळे ती ताडपत्रीखाली उभी होती.

तिची बॉडी फायबरग्लासची आहे. तिला गंज चढत नाही, पण तड्यांतून पाणी मुरले की आतले थर सुटतात. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांनी हात लावायला नकार दिला. त्यांची हातोडी पत्र्यासाठी असते. शेवटी उत्तनचा एक कारागीर भेटला, मच्छीमारांच्या फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा. बोटाच्या पेराने त्याने सगळी गाडी टकटक करून ऐकली आणि जिथे आवाज पोकळ आला तिथे खडूने खूण केली. तडा वरून बुजवायचा नाही, चांगला थर लागेपर्यंत घासत जायचे, मग काचतंतूंची मॅट आणि ती घट्ट धरणारे रेझिन यांचे थर चढवायचे, हे मी त्याच्याकडून शिकलो. पावसाळ्याच्या दमट हवेत रेझिन नीट धरत नाही, म्हणून काम दसऱ्यानंतरच काढायचे. असे तीन हिवाळे गेले. खालचा सांगाडा मात्र लोखंडी आहे, तो दोन ठिकाणी कुजला होता. वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेटरने तेवढाच भाग कापून मूळ जाडीचा पत्रा वेल्ड करून दिला. खरे सांगतो, नोकरीतल्या कुठल्याही बढतीपेक्षा त्या दिवशी मला जास्त आनंद झाला.

इंजिन रेनॉचे, ११४९ सीसीचे. युरोपात हेच इंजिन क्लिओ आणि ट्विंगोमध्ये होते, पण आपल्याकडे त्याचे सुटे भाग शोधून सापडत नाहीत. कुर्ल्याचा सीएसटी रोड मी अनेकदा पायी पालथा घातला आहे. टायमिंग बेल्ट भाच्याने फ्रान्समधून आणला. 'काका, झेनचं इंजिन टाका, पार्ट कोपऱ्यावर मिळतील,' हा सल्ला प्रत्येक मेकॅनिकने मनापासून दिला. मी तो मानला नाही, आणि इथेच माझा खरा मुद्दा येतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. चासी (खालचा सांगाडा), बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. मग २०,००० रुपये भरून 'व्हीए' मालिकेचा क्रमांक आणि दहा वर्षांची नोंदणी मिळते. गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. नियम चांगला आहे. पण माझी गाडी पन्नाशी गाठेल २०५० मध्ये. तोवर ती मूळ स्वरूपात राहायची असेल तर आजच कुणीतरी तिचे मूळ इंजिन सांभाळले पाहिजे. आणि ते सांभाळणाऱ्याला काय वाढून ठेवले आहे? पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी गाडीची फेरनोंदणी करावी लागते. २०२० मध्ये मी फेरनोंदणी केली तेव्हा शुल्क ६०० रुपये होते. पुढे पंधरा वर्षांवरील मोटारींसाठी ते ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील मोटारींना १०,०००. शिवाय पर्यावरण कर वेगळा. रोज साठ किलोमीटर धावणारी, धूर ओकणारी वीस वर्षांची गाडी आणि वर्षाला जेमतेम आठशे किलोमीटर चालणारी, पीयूसीत दरवेळी पास होणारी माझी गाडी, दोघींना नियम एकच. आरटीओ कार्यालयातले अधिकारी माझ्याशी सौजन्याने वागले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. गाडीभोवती फेरी मारून एकाने विचारलेदेखील, 'ही आपल्याकडे बनायची?' पण त्यांच्या तक्त्यात या गाडीसाठी रकानाच नाही.

जुन्या मोटारींच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येत तीस वर्षांची, मूळ स्वरूपात जपलेली आणि रोजच्या वापरात नसलेली गाडी ऐतिहासिक ठरते. जर्मनीत अशा तीस वर्षांच्या गाडीला क्रमांकाच्या शेवटी 'एच' अक्षर मिळते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर रोड टॅक्स माफ होतो.

आपणही तीस वर्षांची मर्यादा धरावी. माझ्या गाडीला त्याचा फायदा मिळायला अजून काही वर्षे जातील, तरी मागणी तीसचीच आहे. वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटरची मर्यादा घाला, ओडोमीटर सील करा, ब्रेक आणि धुराची चाचणी दरवर्षी घ्या, हिवाळ्यात हवा फार बिघडेल त्या दिवशी गाडी काढू नका म्हणा. हे सगळे आम्ही पाळू. पंधरा ते तीस वर्षांच्या गाड्यांचेही शुल्क केवळ वय बघून न वाढवता चाचणीच्या निकालावर ठरावे.

इंधनाचाही प्रश्न आहेच. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून जुन्या रबरी नळ्या फुगतात, चिरतात. मी टाकीपासून इंजिनपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घातल्या, कारण गळका पेट्रोल पाइप हा आगीला आमंत्रण असतो. ज्यांच्याकडे जुनी गाडी किंवा स्कूटर आहे त्यांनी निदान एवढी तपासणी लगेच करून घ्यावी.

समितीने निर्णयाआधी अशा गाड्या बाळगणाऱ्यांना एकदा बोलवावे, ही विनंती. सांगतील त्या दिवशी, सांगतील त्या केंद्रावर मी स्टॉर्म घेऊन येईन. धूर मोजा, ब्रेक तपासा, खाली वाकून सांगाडाही बघा.

आपला,
एक वाचक
चरई, ठाणे (पश्चिम)