बोट घाट चढली तेव्हा

सांगली,
28 जून

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

गुडघा आता कितपत वाकतो ते आधी कळव. फिजिओथेरपीचा कंटाळा येतो हे खरं, पण मधेच सोडू नकोस. आम्ही चौघं, म्हणजे शरद, मंगल, सुनंदा आणि मी, सुखरूप परतलो. तुझं ऑपरेशन नेमकं याच वेळी आलं आणि पाचवी खुर्ची जेवणाच्या टेबलावर रोज रिकामी राहिली. फोनवर दहा मिनिटांत हे सगळं सांगणं जमणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी काढलेल्या माणसाला जे वाचावंसं वाटेल, ते जरा जास्तच लिहीन.

आमचा मार्ग असा: जर्मनीत माइन नदीवरच्या व्युर्झबुर्गला बोटीवर चढायचं, बाम्बेर्गला कालव्यात शिरायचं, न्यूर्नबेर्गवरून डोंगर ओलांडून डॅन्यूब नदीत उतरायचं आणि रेगेन्सबुर्ग करून पासाऊला पोचायचं. डोंगर ओलांडून, हे शब्द तू पुन्हा वाचशील याची खात्री आहे. त्याच्याकडे येतोच.

व्युर्झबुर्गमध्ये तिथल्या राजबिशपांचा अठराव्या शतकातला राजवाडा आहे. त्याचा जिना बघताना तुझी फार आठवण झाली. वर 30 मीटरच्या आसपास लांबीची दगडी घुमटी, आणि मधे एकही खांब नाही! बांधणारा बाल्थाझार नॉयमान मुळात तोफखान्यातला इंजिनिअर. ही घुमटी कोसळणार असं लोक म्हणू लागले, तेव्हा खाली तोफा डागून बघा असं आव्हान त्यानं दिलं, अशी गोष्ट तिथे सांगतात. मग व्हेनिसहून चित्रकार टिएपोलो आला आणि 1752-53 मध्ये त्यानं त्या घुमटीवर चार खंडांचं चित्र काढलं. आशिया हत्तीवर बसली आहे आणि नॉयमान स्वतः तोफेवर रेललेला आहे. 16 मार्च 1945 च्या रात्री ब्रिटिश विमानांनी वीसेक मिनिटांत हे शहर जाळलं. वाड्याचं लाकडी छप्पर जळून गेलं, पण नॉयमानची घुमटी उभी राहिली. मी त्या जिन्यावर मान वर करून किती वेळ उभा होतो कोण जाणे. चांगलं काम म्हणजे काय, हे कुणी विचारलं तर मी तो जिना दाखवीन.

बाम्बेर्ग सुंदर आहे, फारच सुंदर. नदीच्या मधोमध नगरपालिकेची जुनी इमारत, दोन्हीकडून पूल, भिंतींवर रंगीत चित्रं. युद्धात हे गाव बरंचसं वाचलं, त्यामुळे गल्ल्या खरोखरीच जुन्या आहेत. शरदनं तिथली धुराच्या वासाची बीअर घेतली (बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धगीवर माल्ट वाळवतात म्हणून तो वास) आणि एका पेल्यावर थांबला. आम्हा शाकाहारी मंडळींची चैन पांढऱ्या शतावरीवर झाली. मे-जूनमध्ये बाजारात सगळीकडे तिचे ढीग असतात, उकडून लोण्याबरोबर वाढतात.

आता कालवा. बाम्बेर्ग ते केलहाइम, 171 किलोमीटर, 1992 साली पूर्ण झाला. माइनचं पाणी ऱ्हाइनमधून उत्तर समुद्राला जातं, डॅन्यूबचं काळ्या समुद्राला. मधे डोंगराळ मुलूख. हे दोन प्रवाह जोडायचा पहिला प्रयत्न शार्लमेन राजानं 793 साली केला होता, त्याच्या चराचे अवशेष अजून आहेत. एकोणिसाव्या शतकात बव्हेरियाच्या, म्हणजे या दक्षिण जर्मन मुलखाच्या, राजानं 100 लॉकचा (लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात) अरुंद कालवा काढला, पण रेल्वेपुढे तो टिकला नाही. आताच्या कालव्यात 16 लॉक आहेत. अकरा लॉकनी बोट 175 मीटर वर चढते, समुद्रसपाटीपासून 406 मीटरवर पोचते आणि पाच लॉकनी पलीकडे उतरते. घाट चढून उतरतो ना आपण, अगदी तसंच!

न्यूर्नबेर्ग सोडल्यावर सर्वांत उंच लॉक लागतात, एकेक जवळजवळ 25 मीटरचं. लॉकची रुंदी 12 मीटर, आमची बोट 11.4 मीटर. खोलीच्या खिडकीतून हात काढला तर ओलं काँक्रीट लागेल. रात्री अकराला मी आणि शरद डेकवर गेलो. मागचा दरवाजा बंद झाला, भोवती काळ्या भिंती, वर आभाळाची पट्टी. मग तळातून पाणी यायला लागलं आणि आख्खी बोट, आतल्या झोपलेल्या माणसांसकट, हलकेच वर निघाली. धक्का नाही, आवाज नाही. पंधरा-वीस मिनिटांत आम्ही भिंतीच्या काठावर होतो आणि समोर शेतं दिसत होती.

बऱ्याच लॉकच्या बाजूला तीन हौद बांधलेले आहेत. लॉक रिकामं करताना पाणी पायरीपायरीनं त्या हौदांत साठवतात आणि पुढच्या बोटीला तेच परत वापरतात, सुमारे 60 टक्के पाणी वाचतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा कालवा नुसता बोटींचा नाही. बव्हेरियाचा दक्षिण भाग पाणीदार, उत्तर भाग कोरडा. म्हणून डॅन्यूबच्या बाजूचं पाणी प्रत्येक लॉकपाशी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवतात आणि माथ्यावरून उत्तरेकडच्या नद्यांना सोडतात. अनंता, ही तुझी म्हैसाळ उपसा योजनाच की रे! कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून कवठेमहांकाळ-जतला नेताना तू पंपगृहात काढलेल्या रात्री मला आठवल्या. माथ्यावर कालव्याकाठी जलविभाजकाची खूण म्हणून काँक्रीटचं शिल्प उभं केलंय. आपल्या महाबळेश्वरला कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते, तशी ती जागा.

न्यूर्नबेर्गबद्दल थोडंच लिहितो. नाझी पुढाऱ्यांवर 20 नोव्हेंबर 1945 पासून खटला चालला ते 600 क्रमांकाचं कोर्ट पाहिलं, आणि हिटलरच्या सभांचं ते अवाढव्य मैदानही. शाळेची मुलं वर्गावर्गानं तिथे आणतात आणि काय घडलं ते स्पष्ट सांगतात. मला त्या शिक्षकांचं फार कौतुक वाटलं. सुनंदा संध्याकाळभर कुणाशी बोलली नाही.

रेगेन्सबुर्गचा दगडी पूल 1135 ते 1146 या काळात बांधला, सोळा कमानींचा, आणि अजून उभा आहे. खांबांच्या बुडाशी दगडांची बेटं केली आहेत, त्यामुळे पाणी कोंडून मधून उसळत जातं, भोवरे पडतात. मोठ्या बोटी त्याखालून जातच नाहीत. केप्लर याच गावी 1630 मध्ये वारला. त्याचं घर पुलापासून दोन पावलांवर. ग्रहांच्या कक्षा मांडणारा माणूस थकलेली बाकी मागायला इथे आला आणि तापानं गेला, याचं मला वाईट वाटलं.

आणि पासाऊ. तीन नद्या भेटतात: डॅन्यूब, हिरवट इन आणि काळसर इल्त्स. टोकावर उभं राहिलं की रंग वेगवेगळे दिसतात. पण मी तिथून लवकर निघालो आणि नगरपालिकेच्या भिंतीसमोर थांबलो. पाचशे वर्षांचे पूर त्या भिंतीवर रेघ मारून, साल घालून लिहिले आहेत. 1501 सगळ्यात वर. त्याखाली 2013, जूनमध्ये पाणी 12.89 मीटरवर गेलं होतं. त्याखाली 1954. मंगल मधल्या रेघेकडे बघून म्हणाली, "आपल्या दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं असतं." शाळेतली पोरं रोज त्या भिंतीवरून जातात.

आपल्याकडचा 2019 च्या ऑगस्टचा महापूर तुला सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरचे पाणीपातळीचे आकडे आपण तासातासाला बघत होतो. पण गावभागात आज जा आणि पाणी कुठवर आलं होतं विचार, प्रत्येक जण वेगळी जागा दाखवतो. चिखलाच्या रेघा होत्या, त्या रंगाखाली गेल्या. 2005 च्या तर कधीच गेल्या. नवीन घर घेणाऱ्याला काही कळायचा मार्गच नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. गणपतीला तू पुण्याहून येशील तेव्हा डंपी लेव्हल (उंची मोजायची ती दुर्बीण) घेऊन ये, नाहीतर तुझ्या जुन्या ऑफिसातला एखादा पोरगा तयार कर. ज्यांच्याकडे तारखेसकट फोटो आहेत अशी घरं मी आत्तापासून शोधतो. दोघं-तिघं सांगतील ती पातळी एकमेकांशी जुळली तरच धरायची. घाटावर, एका देवळाच्या ओट्यावर आणि शाळेच्या भिंतीवर, अशा तीन ठिकाणी 2005, 2019 आणि 2021 च्या रेघा दगडात कोरून घेऊ. परवानगीचा अर्ज शरद लिहितोय, खर्च आम्ही चौघं वाटून घेऊ. मजकूर कसा असावा आणि उंची कुठल्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची ठरलेल्या पक्क्या खुणेपासून, मोजायची, हे मात्र तूच ठरवायचं. लगेच कळव, म्हणजे अर्जात घालता येईल.

वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
विश्वास