एका तारेवर सात मोड शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र फक्त तुम्हालाच पाठवता आलं असतं. पण गिटार शिकताना स्केलच्या, म्हणजे स्वरमालेच्या, तक्त्यांपाशी अडलेले बरेच जण माझ्या ओळखीत आहेत, आणि तुमची शिकवण त्यांच्यापर्यंतही पोचावी असं मला मनापासून वाटतं. म्हणून तुमचे आभार सगळ्यांसमोर मानते आहे.

मोड म्हणजे तेच सात स्वर, पण दर वेळी वेगळ्या स्वराला सा मानून वाजवलेले. ते समजावताना बहुतेक जण सांगतात की सी मेजरचे सात स्वर घ्या, डी पासून सुरू केले की डोरियन, ई पासून फ्रिजियन, एफ पासून लिडियन. हे बरोबरच आहे. पण गिटार हातात घेतली की सगळे मोड सी मेजरसारखेच वाजतात, कारण कान सी लाच सा मानून बसलेला असतो. तुम्ही तक्ता मिटवून ठेवायला लावलात आणि म्हणालात, "आधी सा पक्का कर."

तुमचा सा म्हणजे पाचवी मोकळी तार, ए. अंगठ्याने ती छेडत राहायची, चौथी तार हलकेच दाबून गप्प ठेवायची आणि स्वर फक्त तिसऱ्या तारेवर वाजवायचे. २, ४, ६, ८, ९, ११, १३ आणि १४ या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या घरांवर; एक घर म्हणजे अर्धा स्वर) लिडियन. तीव्र मध्यमाचा तो आठवा फ्रेट तुम्ही मला किती वेळ धरून ठेवायला लावायचात! मग एकेक स्वर उतरवत नेलात. ८ चा ७ केला की आयोनियन, म्हणजे साधा मेजर. १३ चा १२ केला की मिक्सोलिडियन, ६ चा ५ केला की डोरियन, ११ चा १० केला की एओलियन, म्हणजे नॅचरल मायनर. ४ चा ३ केला की फ्रिजियन. दर पायरीला एकच बोट, एकच फ्रेट खाली, आणि तेवढ्यानं सगळा रंग बदलतो. संध्याकाळी उन्हं कलत जावीत तसा तो गडद होत जातो.

सरगमच्या भाषेत तुम्ही हेच पुन्हा गाऊन दाखवलंत: कल्याण, बिलावल, खमाज, काफी, आसावरी, भैरवी. आधी मध्यम शुद्ध झाला, मग निषाद, गंधार, धैवत आणि ऋषभ क्रमाने कोमल होत गेले. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी, म्हणजे राग ज्यांत वाटले जातात त्या सात स्वरांच्या साच्यांपैकी, सहा माझ्या एका तारेवर आले. उरलेले चार, भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, या सात मोडांत बसत नाहीत, हेही तुम्ही लगेच सांगितलंत. आणि बजावलंत की थाट म्हणजे राग नव्हे. फ्रेटवर काफीचे स्वर वाजले म्हणजे काफी राग वाजला असं नाही. त्याचं चलन, त्याची मींड वेगळी शिकावी लागते. ही ताकीद मला फार मोलाची वाटते.

सातव्या मोडला, लोक्रियनला, पुष्कळ जण वगळतात. तुम्ही नाही वगळलंत. ९ चा ८ करायला लावलात आणि विचारलंत, "आता सा वर टेकावंसं वाटतं का?" नव्हतं वाटत. पंचमच खाली सरकला होता. आपल्याकडे पंचम अचल, म्हणून याला जोडीचा थाटही नाही. सा च्या पायाखाली पंचमाचा केवढा आधार असतो, हे मला त्या एका फ्रेटवर कळलं.

सगळ्यात जास्त ऋण डोरियनचं. ए मायनर कॉर्डनंतर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर) तुम्ही डी मेजर वाजवलात आणि मला अकराव्या फ्रेटवर थांबवलंत. डी मेजरमधला एफ शार्प आणि माझा शुद्ध धैवत एकच होता. मग डी मेजरच्या जागी डी मायनर वाजवलात, आणि तोच अकरावा फ्रेट टोचायला लागला. दहाव्यावर आले तेव्हा जुळलं. कॉर्ड ऐकून मोड ओळखायला मी तिथून शिकले.

बाकी तारांवर जाताना दुसऱ्या तारेपाशी बोटांची आकृती एक फ्रेट पुढे का सरकते, हेही तुम्ही दोन वाक्यांत उलगडलंत: इतर शेजारी तारांमध्ये पाच फ्रेटचं अंतर, जी आणि बी, म्हणजे तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेमध्ये, चारच. तेव्हापासून मला पाठ केलेल्या आकृत्या लागत नाहीत. कानाला हवा तो स्वर शोधते, बोटं तिथे जातात.

ताई, आता हार्मोनिक मायनर काढते आहे, त्याच तिसऱ्या तारेवर, २, ४, ५, ७, ९, १०, १३, १४. दहावरून थेट तेरावर जाणारी ती उडी अजून हवी तशी सुरेल पडत नाही. भेटाल तेव्हा समोर बसून ऐका आणि सांगा.

तुमची विद्यार्थिनी